ताप उतरला, खोकला थांबला. मग टीबीच्या गोळ्या सहा महिने कशासाठी?

टीबीचे औषध सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, खोकला कमी होतो. दोन महिन्यांनी थुंकी तपासली तर बहुतेकांच्या अहवालात जंतू दिसत नाहीत. नेमक्या याच वेळी घरात प्रश्न निघतो : आता पोरगी ठणठणीत आहे, मग एवढी गरम दवा अजून कशाला? प्रश्न चुकीचा नाही. वर्गात आम्हालाही मुले हेच विचारतात, आणि "डॉक्टरांनी सांगितलं म्हणून" एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. खरे उत्तर या जंतूच्या स्वभावात आहे.

क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा जंतू भलताच संथ आहे. आतड्यातला ई. कोलाय हा साधा जीवाणू चांगले खाद्य मिळाले तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास २० तास लागतात. त्याच्या अंगावर मेणासारख्या चरबीचे जाड आवरण असते, त्यामुळे औषध आत शिरायलाही त्रास पडतो.

आजारी माणसाच्या खोकल्यातून उडालेले बारीक थेंब श्वासाबरोबर दुसऱ्याच्या फुप्फुसात पोहोचतात. तिथे शरीराच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीतल्या एका पिशवीत जातो, त्या पिशवीला आम्ल आणि पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. टीबीचा जंतू या दोन पिशव्या एकत्र येऊ देत नाही. चोराला पकडून चौकीत आणावे आणि त्याने चौकीतच बिऱ्हाड थाटावे, असा हा प्रकार आहे.

मग शरीर दुसरा उपाय करते. चारही बाजूंनी पेशी गोळा होतात आणि जंतूंभोवती भिंत बांधतात. फुप्फुसात एक छोटी गाठ तयार होते. तिचा मधला भाग मरून पनीरसारखा भुसभुशीत होतो. आत प्राणवायू कमी असतो आणि खाद्यही बेताचे. अशा जागी जंतू वाढ जवळजवळ थांबवतो, आपला खर्च कमी करतो आणि आसपासच्या पेशींतील चरबीवर गुजराण करतो. असा तो अनेक वर्षे राहू शकतो. त्या माणसाला ना खोकला ना ताप, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी ही लागण झालेली आहे असा अंदाज आहे. त्यांतल्या १०० पैकी ५ ते १० जणांनाच आयुष्यात प्रत्यक्ष टीबी होतो, तोही जास्त करून लागणीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांची भिंत टिकते.

भिंत कमकुवत कशाने होते? कुपोषण, एचआयव्ही, तंबाखू-विडी, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधे, आणि डायबेटिस. साखरेच्या रुग्णाला टीबीचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. आपल्या घरांत साखर किती सर्रास झाली आहे ते वेगळे सांगायला नको. भिंतीचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र संधिवाताच्या एका औषधातून मिळाला. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध शरीरातली जी सूज शमवते, तीच सूज ही गाठ टिकवून धरायलाही लागते. २००१ मध्ये डॉक्टरांनी नोंदवले की या औषधानंतर काही रुग्णांत टीबी उफाळून येतो आहे, आणि बऱ्याच जणांत पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून आता असे औषध देण्याआधी लपलेल्या टीबीची तपासणी करतात.

आता गोळ्यांकडे येऊ. १९४४ मध्ये डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी पू करणाऱ्या जंतूंवर पेनिसिलिन टाकले. जवळजवळ सगळे मेले, मोजके उरले. हे उरलेले जंतू औषधाला दाद न देणाऱ्या जातीचे असावेत, असे कुणालाही वाटेल. पण बिगर यांनी ते पुन्हा वाढवले, तेव्हा त्यांची पिलावळ त्याच पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मेली. म्हणजे जात तीच होती, फक्त त्या वेळी ते वाढत नव्हते. पेनिसिलिन जंतूच्या भिंतीच्या बांधकामात बिघाड करते. ज्याचे बांधकामच बंद आहे त्याचे ते काय बिघडवणार?

टीबीत हेच होते. आयसोनियाझिड ही गोळी जंतूचे आवरण बांधण्याचे काम रोखते, म्हणून ती वाढत्या जंतूंना पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने मारते. ताप उतरतो, दुसऱ्याला लागण होण्याचा धोका घटतो, माणूस कामावर जायला लागतो. निजलेले जंतू मात्र तसेच राहतात. त्यांच्यासाठी रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड लागतात. पायराझिनामाइड तर आम्ल असलेल्या जागेत जास्त चालते. (रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. त्याला घाबरून कुणी औषध सोडू नये.) चौथी गोळी, इथॅम्ब्युटॉल, एखादा जंतू बाकी औषधांना जुमानत नसेल तर त्याला मोकळे रान मिळू नये म्हणून असते. आपल्याकडे नेहमीच्या टीबीत दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन, असा क्रम आहे.

आणि तो 'निगेटिव्ह' अहवाल? सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर काच स्वच्छच दिसते. शिवाय गाठीत कोंडलेला जंतू थुंकीत येतच नाही. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात वॉल्श मॅकडरमॉट यांच्या गटाने टीबी झालेल्या उंदरांना औषधे दिली. नंतर त्यांच्या अवयवांत शोधूनही जंतू सापडेना. औषध थांबवून काही महिने गेले आणि बऱ्याच उंदरांत तेच जंतू परत दिसले.

माणसांतही कोर्स आखडून पाहिला आहे. नव्या गोळ्या घालून चार महिन्यांत भागवायचे तीन मोठे प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. थुंकी लवकर स्वच्छ झाली, पण सहा महिने औषध घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांत टीबी जास्त वेळा उलटला. २०२१ मध्ये एका वेगळ्या औषधसंचाला चार महिन्यांत यश मिळाले, पण तो संच वेगळा. सहा महिन्यांच्या गोळ्या चारवर सोडणे म्हणजे तो कोर्स नव्हे.

गोळ्या कधी घ्यायच्या, कधी नाही, असे केल्याने दुसरे संकट येते. औषधाला खरोखर दाद न देणारी जात निवडून वाढते. मग इलाज महागडा आणि त्रासाचा होतो, आणि घरातल्या इतरांना लागण झाली तर तीही त्याच हट्टी जंतूची.

रमजानमध्ये गोळ्या बंद करणारे लोक आमच्या पाहण्यात आहेत. गोळ्या दिवसातून एकदाच असतात, तेव्हा वेळेचे डॉक्टरांशी बोलून ठरवता येते. ज्याला रोजा झेपत नाही त्या आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनातच (सूरह बकरह) आहे. दवा चुकवण्याला मात्र तसा आधार नाही. रिश्त्याच्या काळजीने मुलीचा आजार लपवणे त्याहून वाईट, कारण लपवलेली गोळी चुकतेच.

घरात रुग्ण असेल तर सगळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्यांना आजार नाही पण लागण झालेली असू शकते, त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. ताटाकडेही बघावे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य आणि पोषक गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांत टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या खात्यात निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये येतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते). ते दूध, अंडी, डाळ, गोश्त यांवरच खर्च व्हावेत.

कोर्स पूर्ण झाल्यावरही दर सहा महिन्यांनी, दोन वर्षांपर्यंत, केंद्रात दाखवायचे असते. या काळात खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जुनी कागदपत्रे घेऊन लगेच जावे.