इंदापूर-भीमथडीचे सरकारी दप्तर : छापील व डिजिटल जतन

पुणे जिल्ह्यातील इंदापूर व जुना भीमथडी (बहुतांशी आजचे बारामती आणि दौंड) या तालुक्यांविषयीचे महसुली अहवाल, जमिनीची पत्रके आणि गॅझेटियर यांचे ग्रंथालयांत, अभिलेखागारांत व कचेऱ्यांत झालेले जतन. मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणी पद्धतीचा पाया इंदापुरात घातला गेला, म्हणून या दप्तराचे मोल तालुक्यापुरते नाही.

पूर्वपीठिका : इंग्रज अधिकारी आर. के. प्रिंगल यांची इंदापुरातील 1830 ची आकारणी टिकली नाही. दोष पद्धतीचा की हाताखालच्या अंमलदारांचा, याविषयी मतभेद आहेत. 1836 मध्ये गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरची आकारणी नव्याने, 30 वर्षांसाठी ठरवली. मोजणी अधिकाऱ्यांच्या 1847 च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत नियमबद्ध केली. तीत जमिनीच्या 9 प्रती (दर्जे) होत्या, पहिली 16 आण्यांची व शेवटची 2 आण्यांची. शेताचे खण पाडून प्रत्येक खणातील मातीची खोली, रंग-पोत आणि चुनखडी, वाळू, उतार हे दोष खुणांनी मांडले जात. ही मांडणी प्रतबुकात (प्रतवारीच्या नोंदवहीत) सापडते. नीरेकाठच्या सांगवीसारख्या गावातील एखाद्या शेताचा आकार अमुकच का ठरला, हे सातबारा सांगत नाही; त्यासाठी प्रतबुकच उघडावे लागते.

छापील साधने : इंदापूरच्या आकारणीचे अहवाल मुंबई सरकारच्या निवडक दप्तरमालेत छापले गेले. भीमथडीतील सुपे येथे 12 मे 1875 रोजी उसळलेल्या, शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालाला मोठी परिशिष्टे आहेत. अभ्यासकाने मूळ अहवालाआधी तीच वाचावीत. पुणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1885 मध्ये तीन भागांत निघाले. मुंबईची एशियाटिक सोसायटी आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय ही अशा साहित्याची प्रमुख ठिकाणे. छापील प्रती अनेक शहरांत पोचल्याने एका ठिकाणची प्रत गेली तरी मजकूर उरतो. टिपण (शेताच्या मोजणीची नोंद), प्रतबुक, आकारफोड (पोटहिश्श्यांवर आकार विभागणारे पत्रक) यांना ते संरक्षण नाही. ही हस्तलिखिते कसर लागून गेली, तर दुसरीकडे शोधायला जागा नसते.

डिजिटल जतन : गोखले संस्थेने जुन्या अहवालांच्या, तर राज्याच्या दर्शनिका विभागाने गॅझेटियरच्या डिजिटल प्रती उपलब्ध केल्या. महसूल खात्याने जुने फेरफार व सातबारे स्कॅन केले. आजचा सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह मिळतो. तरीही स्कॅन करताना अहवालातील नकाशाची घडी उलगडली नाही, तर पडद्यावर फक्त वरचा पदर दिसतो. मोडी लिपीतील मजकूर शब्द टाकून शोधता येत नाही. अशा साधनांची छापील किंवा मूळ प्रत स्कॅननंतर मोडीत काढणे घातक ठरते.

कायदे : प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत देण्याच्या 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यात सरकारी प्रकाशने येतात, निव्वळ कार्यालयीन वापराची वगळून. सरकारी दप्तराच्या जतनासाठीचा राज्याचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे.

गावची ग्रंथालये : त्यांना राज्याच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता व अनुदान मिळते.