किल्लीचा जुडगा आणि पाच तक्रारी

मागच्या व्याख्यानात आपण 1965 पर्यंत आलो होतो. राल्फ नेडर यांचं पुस्तक आलं, जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर गाडीवर त्यांनी बोट ठेवलं. कंपनीने त्यांच्या मागे खासगी हेर लावले, पण ते उघडकीस आलं आणि 1966 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा झाला. पुढे त्यासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि गाडीचा मालक थेट सरकारकडे तक्रार करू लागला.

आपल्याला वाटतं, गोष्ट इथे संपली. तक्रारीला जागा मिळाली, म्हणजे प्रश्न सुटला. आज मी त्याच कंपनीची चाळीस वर्षांनंतरची गोष्ट सांगणार आहे. तक्रार पोचली, नोंदली गेली, आणि तरीही माणसं मेली. असं कसं झालं?

शेव्हरोले कोबाल्ट ही गाडी 2004 च्या अखेरीस बाजारात आली. लहान, स्वस्त. पहिलीच गाडी घेणारे बरेच तरुण ती घ्यायचे. थोड्याच दिवसांत तक्रारी यायला लागल्या की चालती गाडी अचानक बंद पडते. कारण साधं होतं. इग्निशनच्या स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. जुडगा जड असला, किंवा चालवणाऱ्याचा गुडघा लागला, की किल्ली आपोआप मागे फिरायची. हा स्विच ठरलेल्या मापात बसत नाही हे माहीत असूनही 2002 मध्ये तो मंजूर झाला होता.

कंपनीने काय केलं? डिसेंबर 2005 मध्ये डीलरांना एक सूचनापत्र पाठवलं. त्यात म्हटलं होतं की ग्राहकाला जुडग्यातल्या जड वस्तू काढून टाकायला सांगा. म्हणजे बघा, दोष स्विचमध्ये आणि पथ्य मालकाला!

याचं मूळ एका शब्दात आहे. गाडी बंद पडणं ही बाब कंपनीने ‘ग्राहकाची सोय’ या सदरात टाकली होती, ‘सुरक्षा’ या सदरात नाही. सोयीचा प्रश्न म्हटला की खर्चाचा हिशोब आला, मुदत आली, चालढकल आली. पण किल्ली मागे फिरली की नुसतं इंजिन बंद पडत नाही. स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत जाते आणि एअरबॅग उघडत नाही. ज्यांनी गाडी बनवली, त्यांच्यातल्या स्विच बघणाऱ्यांनी आणि एअरबॅग बघणाऱ्यांनी ही दोन टोकं जोडलीच नाहीत.

जोडली कोणी? विस्कॉन्सिन राज्यातल्या एका पोलिसाने. 2006 च्या एका अपघातात दोन मुलींचा जीव गेला होता. त्याने तपासलं तेव्हा किल्ली चालू स्थितीत नव्हती आणि एअरबॅग उघडल्या नव्हत्या. त्याने सरकारी यंत्रणेकडच्या तक्रारी चाळल्या. चालती कोबाल्ट बंद पडल्याच्या पाच सापडल्या. काहींत गुडघा किंवा जुडगा लागल्याचं मालकांनी स्वतः लिहिलं होतं. त्याने कंपनीचं ते सूचनापत्रही शोधलं आणि 2007 च्या अहवालात हे सगळं मांडलं. अहवाल कंपनीच्या फायलीत गेला आणि पडून राहिला. सरकारी यंत्रणेतही त्याच वर्षी एअरबॅगच्या चौकशीचा प्रस्ताव आला होता, तो नाकारला गेला.

मधल्या काळात, 2006 मध्ये, कंपनीने स्विच गुपचूप सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे कागदावर जुना आणि नवा स्विच एकच दिसायचा. नंतर शोधणाऱ्यांना कळेना की अमुक वर्षानंतर अपघात का कमी होतात. हे कोडं 2013 मध्ये सुटलं ते जॉर्जियातल्या एका शोकाकुल कुटुंबाच्या खटल्यामुळे. त्यांच्या बाजूच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून उघडला. फरक डोळ्यांना दिसत होता.

फेब्रुवारी 2014 मध्ये गाड्या परत बोलावणं सुरू झालं आणि आकडा 26 लाखांपर्यंत गेला. भरपाईच्या निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले. 2015 मध्ये कंपनीने फौजदारी प्रकरण मिटवायला 90 कोटी डॉलर भरले. बदलायचा सुटा भाग अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीत सांगितला गेला तो 57 सेंटचा.

आणखी एक कागद बाहेर आला, 2008 च्या प्रशिक्षणाचा. अहवालात कोणते शब्द टाळावेत, अशी 69 शब्दांची यादी. ‘दोष’ म्हणू नका, ‘आराखड्याप्रमाणे काम करत नाही’ म्हणा. त्या यादीत एक शब्दप्रयोग होता, ‘कॉर्व्हेअरसारखं’. म्हणजे इतिहास त्यांच्या लक्षात होता. धडा मात्र एवढाच घेतला की ते नाव लिहायचं नाही.

आता आपल्याकडे येऊ. भारतात 2012 पासून उत्पादकांची ऐच्छिक संहिता होती. कायद्याने सक्ती आली ती 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने, आणि नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ठराविक टक्के मालकांनी दोष कळवला, तर सरकार गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं. ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या मनात ते पाच तक्रारदार येतात. टक्केवारीत पाच म्हणजे काहीच नाही. आणि तरी उत्तर त्या पाचांतच होतं, फक्त ते वाचणारा माणूस लागला.

म्हणून उद्या तुमची नवी गाडी रस्त्यात बंद पडली, तर नुसतं ‘गाडी खराब आहे’ असं लिहू नका. वेग किती होता, किल्ली कुठे होती, गुडघा कुठे लागला, सगळं लिहा. त्या वेळी ते क्षुल्लक वाटेल. त्या पाच जणांनाही तसंच वाटलं असेल.

प्रश्न असतील तर घेऊ.