नगर कशास म्हणावे? : बारामती-इंदापूर परिसराच्या निमित्ताने

महापरिनिब्बान सुत्तात एक मार्मिक प्रसंग आहे. भगवान बुद्ध कुसिनारा येथे अंतिम शय्येवर असता, परिनिर्वाण या आडबाजूच्या लहान गावी न होता चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी वा वाराणसी अशा एखाद्या महानगरात व्हावे, अशी विनंती आनंदाने केली. तेव्हा हेच कुसिनारा पूर्वी महासुदस्सन राजाची कुसावती नावाची समृद्ध राजधानी होते, असे तथागतांनी त्यास सांगितले. नगराचा मोठेपणा अनित्य आहे, हा यातील बोध होय.

त्याच सुत्तात पाटलिगामाचे भविष्यही आले आहे. वज्जींना रोखण्यासाठी मगधाचे अमात्य सुनीध व वस्सकार तेथे नगर उभारीत होते. हे गाव पुढे अग्रनगर व 'पुटभेदन' होईल; परंतु अग्नी, पाणी आणि आपसांतील फूट अशी तीन भये त्यास राहतील, असे तथागतांनी सांगितले. पुटभेदन म्हणजे जेथे मालाची गाठोडी सोडली जातात ते स्थान. अमरकोशातही हा शब्द नगराच्या पर्यायांत येतो. हीच कसोटी आम्ही बारामती व इंदापूर या गावांना लावून पाहू इच्छितो.

सतराव्या शतकात पुणे व सुपे यांबरोबर इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. अठराव्या शतकात बारामतीस बाबूजी नाईक या धनाढ्य सावकाराचे वर्चस्व होते आणि त्याच्याच आश्रयाने कवी मोरोपंत (१७२९-१७९४) तेथे राहिले. सत्तेचे ठाणे व धनिकाचा वाडा यांवरून गावाची थोरवी ठरे, असा तो काळ होता.

इंग्रजी अमलात ही कल्पना पालटली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या जमीनमोजणीचा आरंभ इंदापूर तालुक्यातूनच केला. १८६५ साली बारामती व इंदापूर या दोन्ही गावी नगरपालिका आल्या. परंतु रोखीच्या साऱ्यापायी कुणबी सावकाराच्या कर्जात अडकला. १२ मे १८७५ रोजी, आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी भर बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व वह्या जाळल्या. तथागतांनी सांगितलेल्या तीन भयांपैकी अग्नी व फूट ही दोन त्या दिवशी एकत्र प्रकटली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

तिसरे पाणी. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला. अवर्षणाच्या या प्रदेशात ऊस उभा राहिला आणि बारामतीची पेठ वाढली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वालचंदनगर वसले. या वस्तीस तट नव्हता, जुनी पेठ नव्हती. कारखाना हाच तिचा पाया. पुढे १९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले व त्याच तालुक्यातील जुने पळसदेव जलाशयाखाली गेले. पाणी ओसरले की तेथील प्राचीन मंदिर पुन्हा दिसू लागते. पाण्याने एक वस्ती वसविली, दुसरी बुडविली. आणि सुप्याकडील जिरायती पट्टा कोरडाच राहिला.

म्हणून नगराची वाढ मोजताना तिचा लाभ कोणास झाला, हेही विचारले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणाचा कठोर शब्दांत प्रतिवाद केला. बलुत्याच्या व वतनी कामाच्या बंधनातून सुटण्यासाठी असंख्य अस्पृश्यांनी शहराची वाट धरली होती. तथापि केवळ नगरपालिका असल्याने समता येत नाही, हे महाडने दाखवून दिले. तेथील नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला.

बारामती-इंदापूरच्या इतिहासातून आम्हांस हेच दिसते. ठाणे, वाडा, पेठ, कालवा, कारखाना अशी नगराची लक्षणे काळानुरूप बदलली. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र बदलला नाही. बुद्धांनी अंतिम क्षणी कुसिनारास कमी लेखले नाही. मोठ्या होत चाललेल्या नगरांनीही कालव्यापलीकडच्या कोरड्या गावांस कमी लेखू नये.