दरवर्षी कारच्या एसीत गॅस भरावा लागतोय? आधी गळती शोधा

एप्रिल-मेमध्ये मालवण, तारकर्ली, देवबागकडे कारचा एसी गार हवा देईनासा झाला, की ठरलेलं उत्तर मिळतं, "गॅस संपलाय, भरून घ्या." पण एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. वर्षभरातच तो कमी होत असेल, तर गळती असण्याचीच शक्यता जास्त.

किनाऱ्यावर हा त्रास का?

एसीचा कंडेन्सर गाडीच्या अगदी पुढे, जाळीमागे असतो. तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो. खारी हवा आणि उडालेली वाळू त्याला हळूहळू खाते. समुद्रकाठी फिरून आल्यावर गोड्या पाण्याने, कमी दाबाने तो धुवावा.

घरी काय बघता येईल?

इंजिन बंद आणि गार असताना बॉनेट उघडा. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं. त्यामुळे कंडेन्सरवर किंवा नळ्यांच्या जोडांवर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, तर संशय तिथेच. त्या जागी साबणाचं पाणी लावा. बुडबुडे वाढत गेले तर गळती आहे. मात्र बुडबुडे आले नाहीत म्हणून गळती नाही, असं समजू नका. बारीक गळती यात सापडत नाही.

गाडीखाली टपकणारं स्वच्छ पाणी म्हणजे गळती नव्हे. ते हवेतल्या दमटपणाचं पाणी असतं.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

फक्त प्रेशर बघून भागत नाही. बंद गाडीत थोडा द्रवरूप गॅस उरला असेल, तरी 30 अंश तापमानाला आर-134ए चं प्रेशर साधारण 97 पीएसआय दिसतं. म्हणून नायट्रोजन भरून दाब टिकतो का, ते तपासायला सांगा. रंगद्रव्य टाकून अतिनील टॉर्चखाली किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरनेही जागा सापडते. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलची गळती बाहेरून दिसत नाही, तिथे डिटेक्टरच उपयोगी.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून, बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरावा.

फरक काय पडतो?

गॅसबरोबर तेलही गेलं, तर कॉम्प्रेसर निकामी होऊ शकतो आणि तो बदलणं महाग पडतं. शिवाय एक किलो आर-134ए हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो हजार किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो.

नळ्यांचे जोड स्वतः सैल करू नका. हा गॅस बाहेर पडताना उणे 26 अंशांना उकळतो. त्वचा आणि डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.