देव, महाजन आणि सीमारेषा
पोर्तुगीज अमदानीतील महालांच्या हद्दी व टपालहशील

गोमंतकातील देवस्थानांचा इतिहास सांगताना मूर्तीचे स्थलांतर, मंदिराची उभारणी आणि जीर्णोद्धार यांचे वर्णन सर्वत्र आढळते. परंतु देव आणि महाजन यांच्यातील नित्याचा व्यवहार ज्या दोन सरकारी गोष्टींनी घडविला, त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या गोष्टी म्हणजे महालांच्या हद्दी आणि टपालहशील. पहिलीने देवाचे दप्तर कोणत्या कचेरीत दाखल व्हावयाचे हे ठरविले. दुसरीने परमुलखात स्थायिक झालेल्या कुळाव्याला देवस्थानाकडून चार ओळींचे पत्र धाडण्यास काय मोजावे लागेल हे ठरविले. विषय रुक्ष खरा. परंतु देशोदेशी पांगलेली कुळे आपल्या दैवताशी कशी बांधलेली राहिली, हे समजून घ्यावयाचे तर या रुक्ष विषयाची वाट टाळता येत नाही.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी हे महाल त्यांच्या ताब्यात आले. या मुलखाला पुढे जुन्या काबिजादी हे नाव पडले. सोळाव्या शतकात या महालांतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा आपल्या पूर्वजांपुढे प्रश्न उभा राहिला तो हद्दीचाच. पोर्तुगीजांचा अंमल कोठे संपतो? जुवारी नदीच्या पलीकडे अंत्रुज महालात आदिलशाही होती. म्हणून १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा श्रीमंगेश नदी ओलांडून प्रियोळास गेला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास असे एकामागून एक स्थलांतर घडले. दिवाडीचा श्रीसप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्व्यास गेला आणि त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला. एका नदीचे पात्र एवढीच ती सीमा. परंतु तिच्या अलीकडे देवास आसरा नव्हता आणि पलीकडे होता. सीमेने कुळांची देवापासून ताटातूट केली हे जितके खरे, तितकेच त्या सीमेनेच देव राखला हेही खरे.

जवळजवळ दोन शतके ही स्थिती राहिली. देव एका राज्यात, त्याची अनेक कुळे दुसऱ्या राज्यात. पुढे हैदर अलीने सौंदे संस्थानावर स्वारी केली आणि त्या धामधुमीत १७६३ मध्ये फोंडा व त्याला लागून असलेले सौंदेकरांचे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यानंतर वाडीकर भोसल्यांकडून डिचोली आणि सत्तरी, व १७८८ मध्ये पेडणे हे महाल त्यांनी मिळविले. या नव्या काबिजादी होत. मात्र या दोनशे वर्षांत काळ पालटला होता. नव्या प्रजेची देवळे, वतने व चालीरीती यांना हात लावणार नाही, असे अभिवचन राज्यकर्त्यांना द्यावे लागले. १८५३ मध्ये तर नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या चालीरीतींची संहिताच सरकारने मंजूर केली. जी राज्याची सीमा होती ती आता एकाच राज्यातील दोन प्रकारच्या मुलखांमधील रेषा झाली. रेषा तीच, परंतु तिचा अर्थ निराळा झाला.

कालांतराने संपूर्ण गोव्याचे अकरा महाल पाडण्यात आले. तिसवाडी, बार्देश, साष्टी व मुरगाव हे जुन्या काबिजादींतील. आणि पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे व काणकोण हे नव्या काबिजादींतील. प्रत्येक महालावर एक अद्मिनिस्त्रादोर असे. जन्ममृत्यू, जमीन, परवाने इत्यादी बाबतींत रयतेचा संबंध ज्या त्या महालाच्या कचेरीशी येत असे. माणूस जेथे राहतो तेथला तो, असा हा सरळ हिशेब होता.

महाजनांच्या बाबतीत मात्र हा हिशेब जुळत नव्हता. महाजनकी ही राहत्या ठिकाणावरून ठरत नाही, ती कुळावरून ठरते. मडगावास जन्मलेला, कारवारास दुकान घातलेला किंवा मुंबईस पेढीवर बसलेला गृहस्थ आपल्या देवाचा महाजन असतोच, मग त्याचे घर कोणत्याही हद्दीत असो. राज्यकर्ते भूमी मोजत होते आणि महाजन कुळे मोजत होते. या दोन मोजण्यांचा मेळ घालण्यासाठी सरकारने १८८६ मध्ये माझनींसाठी नियम केले आणि पुढे ३० मार्च १९३३ च्या ६४५ क्रमांकाच्या कायद्याने त्यांची जागा नव्या, अधिक तपशीलवार नियमावलीने घेतली. देवस्थान ज्या महालात, त्या महालाच्या अद्मिनिस्त्रादोराची त्यावर देखरेख, असे तत्त्व तीत होते. अंदाजपत्रक, हिशेब, समितीची निवडणूक, महाजनांची यादी ही सर्व कामे त्यामुळे सरकारी शिस्तीत आली. कुळे चहूंकडे पांगलेली, परंतु त्यांचा कागद फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या कचेरीत! ही व्यवस्था कित्येकांना जाचक वाटली. तथापि यादी, इतिवृत्त आणि जमाखर्च नीट लिहून ठेवण्याची सवय आपल्या संस्थांत रुजण्यास तिचा हातभार लागला, हे नाकारता येणार नाही.

गोव्याच्या सीमेपलीकडेही हद्दी बदलत होत्या. इंग्रजांनी १८३६ मध्ये धारवाडातून बेळगाव हा निराळा जिल्हा काढला. कानडा जिल्ह्याचे दोन भाग करून त्यांतील उत्तर कानडा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात घातला. कारवारचे बंदर मुंबईच्या व्यापाऱ्यांना हवे होते, हे त्यामागील एक कारण. त्यामुळे काणकोणच्या दक्षिणेस राहणारे कुळावी मुंबई सरकारच्या अमलाखाली आले. उत्तरेस सावंतवाडी संस्थान होते. अशा रीतीने एकाच देवाची कुळे तीन-चार अमलांत विभागली गेली आणि त्यांना जोडणारा धागा राहिला तो टपालाचा.

इंग्रजी मुलखात १८५४ च्या कायद्यापूर्वी टपालहशील अंतरावर अवलंबून असे. त्या वर्षापासून अंतराचा विचार न करता केवळ वजनावर दर ठरला. पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा तो दर होता आणि १८६९ मध्ये त्याच अर्ध्या आण्यात अर्ध्या तोळ्याचे पत्र जाऊ लागले. बेळगावचे पत्र शेकडो कोसांवरील कलकत्त्यास अर्ध्या आण्यात पोहोचू लागले. गोव्यातही १८५४ पासून पोर्तुगीज टपाल कचेऱ्यांत इंग्रजी हिंदुस्थानची तिकिटे विकली जात. पोर्तुगीज सरकारने १ ऑक्टोबर १८७१ रोजी स्वतःची तिकिटे काढली. ती गोव्यातच तयार केलेली, साध्या नक्षीची आणि ओबडधोबड छपाईची होती. परंतु या तिकिटांना सीमेपलीकडे मान्यता नव्हती. म्हणून इंग्रजी मुलखात जाणाऱ्या किंवा त्यातून पुढे जाणाऱ्या पत्रावर दोन्ही सरकारांची तिकिटे लावावी लागत. फोंड्याच्या देवस्थानाने घाटमाथ्यावरील बेळगावच्या महाजनास सभेचे बोलावणे धाडावयाचे, तर दोन राजांचे हशील भरावयाचे! सीमा म्हणजे काय, हे त्या लखोट्यावर स्पष्ट दिसत असे.

हा दुहेरी भार १८७७ मध्ये संपला. हिंदुस्थान १८७६ मध्ये आणि पोर्तुगीज वसाहती १८७७ मध्ये जागतिक टपाल संघात आल्या, आणि दोन्ही सरकारे एकमेकांची तिकिटे मान्य करू लागली. पाठोपाठ २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याने सीमेवरील जकाती उठल्या, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला, लोहमार्ग व मुरगाव बंदर यांचा पाया घातला गेला आणि नाणेपद्धतीत एकसूत्रीपणा आला. तोवर गोव्यात साठ रेईसांचा एक तांगा आणि पाच तांग्यांची एक शेराफी असा हिशेब होता. आता बारा रेईसांचा तांगा व सोळा तांग्यांचा रुपया झाला. इंग्रजी मुलखातही बारा पैंचा आणा व सोळा आण्यांचा रुपया होता. तांगा आणि आणा एका पातळीवर आले. १८८१ च्या सुमारास जुन्या तिकिटांवर दीड रेईस, साडेचार रेईस, सहा रेईस, एक तांगा अशा नव्या किमतींचे शिक्के मारण्यात आले. देवस्थानाच्या कारकुनाला तर जमाखर्चाची भाषाच बदलावी लागली, कारण रेईस हे नाव कायम राहून त्याची किंमत पालटली होती. त्या काळच्या वह्या वाचणाऱ्याने एवढी खूणगाठ बांधली नाही, तर बेरजा चुकल्याचा आरोप तो निष्कारण पूर्वजांवर करील.

मिठाच्या मक्त्याने आगरवाल्यांची दुर्दशा केली आणि असंतोषात तो तह १८९२ मध्ये संपुष्टात आला. जकाती पुन्हा बसल्या. परंतु तांग्याचा हिशेब टिकला. १८८८ मध्ये मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग जोडला गेला होता, तोही टिकला. घाट चढून जाणाऱ्या त्या गाडीने मुंबई, बेळगाव व हुबळी येथील कुळाव्यांना जत्रेची वाट सुकर करून दिली.

१९५५ मध्ये मुक्तिलढ्याच्या काळात हीच सीमा पुन्हा कठोर झाली. रेल्वेची वाहतूक थांबली, पणजीतील भारतीय वकिलात बंद झाली आणि बाहेरच्या महाजनांना देवदर्शनास येणे दुष्कर झाले. १९५९ मध्ये रुपया जाऊन एस्कुदो आला. एका रुपयाचे सहा एस्कुदो झाले आणि तांग्यांच्या तिकिटांवर सेंताव्हांचे शिक्के बसले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेस गोव्यात भारतीय तिकिटे सुरू झाली आणि ५ जानेवारी १९६२ पर्यंतच जुनी तिकिटे चालली. नव्वद वर्षांच्या तिकिटांचा इतिहास अवघ्या काही दिवसांत आटोपला.

माझनींची १९३३ ची नियमावली मात्र मुक्तीनंतरही लागू राहिली. अद्मिनिस्त्रादोराच्या जागी मामलेदार आला, एवढाच फरक. हद्दीही बदलत राहिल्या. १९८७ मध्ये घटक राज्य होताना गोव्याचे दोन जिल्हे झाले. उत्तरेतील फोंडा तालुका २०१५ मध्ये दक्षिण गोव्यास जोडला गेला. देव जागच्या जागी राहिला, रेषाच त्याच्या अंगणातून सरकत गेल्या.

या साऱ्या इतिहासाचा पुरावा सरकारी दप्तरात आहे, त्याहून अधिक तो महाजनांच्या घरातील पेट्यांत असू शकतो. सभेच्या बोलावण्याचा लखोटा, प्रसादाबरोबर आलेली चिठी, वर्गणीची पोच, त्यावरील तिकीट आणि टपालाचा शिक्का यांवरून कोणते कूळ कोणत्या साली कोणत्या गावी होते, हे सिद्ध होते. तिकिटाच्या मोहाने लखोटा कापला की तो पुरावा नष्ट होतो. वाळवी तर कोणाची परवानगी मागत नाही. प्रत्येक महाजन कुटुंबाने असे जुने कागद आहेत तसे देवस्थानाच्या दप्तरी जमा केले, किंवा निदान त्यांच्या नकला दिल्या, तर यादीतील कित्येक तुटलेली कुळे पुन्हा जोडता येतील. पूर्वजांनी नदी ओलांडून देव राखला. त्यांच्या वंशजांनी कागद राखावे, इतकीच अपेक्षा.