चंद्रमुखी बसू यांची एम्. ए. परीक्षा

इ. स. १८७६ सालीं डेहराडून येथील एका मिशनरी शाळेकडून कलकत्ता विद्यापीठाकडे एक विनंति गेली. विनंति साधीच होती. शाळेंतील एक विद्यार्थिनी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे आपल्याकडे जिला मॅट्रिक म्हणत असत त्या परीक्षेला, बसूं इच्छिते. तिला परवानगी असावी. मुलीचें नांव चंद्रमुखी बसू. वडील भुवनमोहन बसू हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ, आणि कुटुंब बंगालपासून दूर, हिमालयाच्या पायथ्याशीं राहिलेलें. अलाहाबादचें विद्यापीठ निघालें तें १८८७ सालीं. तोंपर्यंत उत्तर हिंदुस्थानांतील शाळांना कलकत्त्याचाच आधार. म्हणून डेहराडूनच्या या मुलीचा प्रश्न कलकत्त्याच्या विद्वान् मंडळीपुढें येऊन पडला.

मुलगी परीक्षेला बसेल ही गोष्ट नियम करणारांनीं गृहीतच धरलेली नव्हती. पुष्कळ विचारविनिमय झाला आणि जो निर्णय लागला तो मोठा चमत्कारिक होता. मुलीला प्रश्नपत्रिका द्याव्या, तिच्या उत्तरपत्रिका परीक्षकांनीं तपासाव्या, परंतु ती उत्तीर्ण झाली तरी तिचें नांव यादींत घालूं नये! चंद्रमुखी परीक्षेला बसली. उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण तिला मिळाले, आणि तसें परीक्षकांनीं कळविलेंही. पुढें यादी छापून निघाली. तींत तिचें नांव नव्हतें.

या यादीचें महत्त्व त्या काळीं काय होतें हें ध्यानांत घेतल्यावांचून ही हकीकत नीट कळावयाची नाहीं. लॉर्ड हार्डिंज यांनीं १८४४ सालीं सरकारी नोकरींत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रहक्क देण्याचें ठरविलें. १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. तेव्हांपासून विद्यापीठाची यादी हें तरुणांच्या आयुष्याचें प्रवेशद्वार होऊन बसलें. कलकत्त्यास १८५८ सालीं पहिले दोन बी. ए. झाले, त्यांपैकीं एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. मुंबईस १८६२ सालीं पहिले चौघे बी. ए. झाले, त्यांत न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर हे होते. तेथें नांव आलें म्हणजे मामलत, मुन्सफी, मास्तरकी, कांहीं ना कांहीं हातीं लागे. मुलीला मामलतही नको होती आणि मुन्सफी तर कोणी देणारच नव्हतें. मग हिला यादीचें प्रयोजन काय, असें पुष्कळांस वाटलें असल्यास नवल नाहीं. परंतु प्रयोजन नाहीं म्हणून लागलेला निकाल झांकून ठेवावा, हें कोणत्या न्यायांत बसतें?

चंद्रमुखीनें पुढें जो विषय एम्. ए. साठीं घेतला तो इंग्रजी. या विषयाचा इतिहासही थोडा गमतीचा आहे. इंग्रजी वाङ्मय हा विद्यापीठांत शिकण्याचा विषय आहे हें खुद्द इंग्लंडांतील जुन्या विद्यापीठांस फार उशीरा पटलें. स्कॉटलंडांत एडिंबरो येथें ह्यू ब्लेअर यांना अलंकारशास्त्र व ललितवाङ्मय यांचें राजनियुक्त अध्यापकपद १७६२ सालींच मिळालें होतें, आणि लंडनच्या नव्या कॉलेजांत १८२८ पासून इंग्रजीचा प्राध्यापक होता. ऑक्सफर्डला मात्र १८९४ पर्यंत इंग्रजीची स्वतंत्र ऑनर्स परीक्षा नव्हती. केंब्रिजला ती स्वतंत्रपणें उभी राहिली १९१७ सालीं. १८८७ सालीं ऑक्सफर्डला हा प्रश्न निघाला तेव्हां इतिहासाचे प्राध्यापक फ्रीमन यांनीं कडाडून विरोध केला. परीक्षा ज्ञानाची घेतां येते, रुचीची घेतां येत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोंख होता. लॅटिन किंवा ग्रीक चुकलें तर तें दाखवितां येतें. पण स्वभाषेंतील काव्य आवडलें कीं नाहीं याला गुण किती द्यावे?

हिंदुस्थानांत ही अडचण कोणास भासली नाहीं, कारण येथें इंग्रजी ही स्वभाषाच नव्हती. ती व्याकरणापासून शिकावी लागे, आणि म्हणून तिची परीक्षाही बिनदिक्कत घेतां येई. कलकत्त्याच्या हिंदु कॉलेजांत कॅप्टन रिचर्डसन शेक्सपीअर शिकवीत, तेव्हां ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यास तो परीक्षेसाठीं वाचावा लागत नसे. मायकेल मधुसूदन दत्त हे रिचर्डसनसाहेबांचेच शिष्य. ऑक्सफर्डनें दार उघडलें त्याच्या कितीतरी आधींपासून कलकत्त्याचे विद्यार्थी इंग्रजी वाङ्मय घेऊन एम्. ए. होत होते. ती परीक्षा म्हणजे आजकालच्यासारखा प्रबंध लिहिणें नव्हे. एकामागून एक प्रश्नपत्रिका सोडवावयाच्या, आणि वाचलेलें सारें डोक्यांत घेऊन बसावयाचें.

आतां पुन्हां चंद्रमुखीकडे वळूं. डेहराडूनचा तो निकाल अगदींच वायां गेला नाहीं. इकडे कलकत्त्यांत कादंबिनी बसू आणि सरला दास या दोन मुली परीक्षेची तयारी करीतच होत्या. १८७८ सालीं विद्यापीठानें स्त्रियांना परीक्षेस बसूं देण्याचा ठराव केला. लंडन विद्यापीठानें आपल्या पदव्या स्त्रियांस खुल्या केल्या त्याही याच वर्षीं. सरलाचें लग्न ठरलें आणि ती राहून गेली. कादंबिनी बसली व उत्तीर्ण झाली. पहिला वर्ग तिला एका गुणानें हुकला असें सांगतात. तिला पुढें शिकतां यावें म्हणून बेथून शाळेस जोडून कॉलेजचा वर्ग काढण्यांत आला, आणि आरंभीं त्या वर्गांत विद्यार्थिनी एकच होती!

चंद्रमुखीला मात्र त्या शाळेचें दार बंद होतें. १८४९ सालीं बेथूनसाहेबांनीं काढलेली ही शाळा हिंदु मुलींकरितां होती, आणि चंद्रमुखी पडली ख्रिस्ती. विद्यापीठानें ती स्त्री म्हणून तिचें नांव वगळलें. स्त्रियांच्या शाळेनें ती ख्रिस्ती म्हणून तिला दूर ठेवलें. तिनें कलकत्त्याच्या फ्री चर्च नॉर्मल स्कूलमधून तयारी केली आणि १८८० सालीं ती एफ्. ए. झाली. पुढें बेथूनचे नियम सैल झाले, अन्य धर्माच्या मुलींनाही कॉलेजांत जागा मिळाली, व चंद्रमुखी आणि कादंबिनी १८८३ सालीं बरोबरच बी. ए. झाल्या. बंगाल्यांत तेव्हां मोठा आनंद झाला.

येथून दोघींच्या वाटा फुटल्या. कादंबिनीनें वैद्यकाचा मार्ग धरला व ती पुढें नामांकित डॉक्टर झाली. चंद्रमुखीनें इंग्रजी घेतलें आणि १८८४ सालीं ती एम्. ए. झाली. आठ वर्षांपूर्वीं जें नांव छापावयाचें नाहीं असें ठरलें होतें, तें आतां विद्यापीठाच्या सर्वांत वरच्या परीक्षेच्या यादींत छापलें गेलें. साम्राज्यांत एम्. ए. होणारी ही पहिलीच स्त्री, असें कधींकधीं अभिमानानें लिहिलें जातें. तें मात्र खरें नव्हे. न्यूझीलंडांत हेलन कॉनन या बाई १८८१ सालींच इंग्रजी व लॅटिन घेऊन एम्. ए. झाल्या होत्या. हिंदुस्थानांतील पहिली एवढें म्हटलें तरी चंद्रमुखीच्या श्रेयांत कांहीं उणें पडत नाहीं. कॉननबाईंची इंग्रजी ही मातृभाषा होती, हाही फरक लहान नाहीं.

या प्रसंगीं पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं तिला शेक्सपीअरच्या नाटकांची सचित्र आवृत्ति भेट म्हणून पाठविली. विद्यासागर हे संस्कृतचे पंडित. बेथून शाळेचे ते एके काळीं चिटणीस होते आणि विधवाविवाहाच्या कामीं त्यांनीं लोकांचे शिव्याशाप झेलले होते. आशीर्वाद देणारे लोक त्या वेळीं पुष्कळ निघाले असतील. विद्यासागरांनीं तिनें ज्या ग्रंथकाराची परीक्षा दिली त्याचाच ग्रंथ तिच्या हातीं ठेवला.

आणि मुलीला पदवीचें प्रयोजन काय या प्रश्नाचें उत्तरही लवकरच मिळालें. चंद्रमुखी बेथून कॉलेजांत अध्यापिका झाली, आणि १८८८ सालीं त्या कॉलेजची मुख्य झाली. ज्या शाळेनें धर्मावरून तिला नाकारलें होतें तिच्याच अंगणांत वाढलेलें हें कॉलेज.

महाराष्ट्रालाही ही वाट फार दूरची राहिली नाहीं. मुंबई विद्यापीठानें १८८३ सालीं स्त्रियांना परीक्षा खुल्या केल्या, आणि पुढें चार-पांच वर्षांतच नाशिकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून पहिल्या वर्गांत बी. ए. झाल्या. गुणानुक्रमें विलायतेची शिष्यवृत्ति त्यांना मिळावयाची; ती स्त्री म्हणून मिळाली नाहीं. कांहीं काळ त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत पुरुष विद्यार्थ्यांना इंग्रजी वाङ्मय शिकविलें. मग इतरांच्या साहाय्यानें त्या ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ सालीं कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, आणि पदवी हातीं पडली तीस वर्षांनीं, १९२२ सालीं.

कारण ऑक्सफर्डची रीत तीच होती जी कलकत्त्यानें १८७६ सालीं डेहराडूनच्या मुलीपुरती योजली होती. इंग्रजीची ऑनर्स परीक्षा तेथें सुरू झाल्यावर तिला स्त्रिया मोठ्या संख्येनें बसत. त्यांचे कागद तपासले जात, वर्गही ठरविला जाई, पण पदवी दिली जात नसे. ती १९२० पासून मिळूं लागली. तोंपर्यंत चंद्रमुखी बसू प्रकृतीच्या कारणानें काम सोडून पुन्हां डेहराडूनला येऊन राहिल्या होत्या. त्या १९४४ सालीं वारल्या. केंब्रिजनें स्त्रियांना पुरी पदवी दिली ती त्यानंतर चार वर्षांनीं.