तंत्रिका जालांची संगणकीय प्रतिमाने

मेंदूतील तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) व त्यांची परस्परजोडणी गणिती समीकरणांत मांडून मेंदूच्या कार्याचा संगणकाद्वारे शोध घेण्याची पद्धती. मानवी मेंदूत सु. ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असतात. एकेका कोशिकेच्या निरीक्षणावरून स्मृतीसारख्या सामूहिक गुणधर्माचा उलगडा होत नाही. म्हणून प्रतिमानांची गरज भासते.

इतिहास : येणाऱ्या संकेतांची बेरीज ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यासच उद्दीपित होणारा घटक, अशी तंत्रिका कोशिकेची कल्पना वॉरन मॅकलक व वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडली आणि अशा घटकांच्या जालाला तर्कक्रिया करता येतात, हे दाखविले. एकत्र उद्दीपित होणाऱ्या कोशिकांमधील जोडणी दृढ होते, हे तत्त्व डॉनल्ड हेब यांनी १९४९ मध्ये सुचविले. ॲलन हॉजकिन व अँड्रू हक्सली यांचा मार्ग निराळा होता. म्हाकूळ या समुद्रप्राण्याच्या जाड अक्षतंतूवर प्रयोग करून त्यांनी १९५२ मध्ये विद्युत् संकेताची समीकरणे दिली. जॉन हॉपफील्ड यांच्या १९८२ च्या जालात स्मृती जोडण्यांच्या बळांत विखुरलेली असते. त्यामुळे अपुऱ्या खुणेवरूनही मूळ आकृती पुन्हा उभी राहते. डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रॉनल्ड विल्यम्स यांनी १९८६ मध्ये उत्तरातील चूक मागील थरांकडे पोहोचवून जोडण्या सुधारण्याची रीत विशद केली. हॉपफील्ड व हिंटन यांना २०२४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रातील कार्य : नांदेड येथील श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १९८१ मध्ये झाली. तेथील यू. व्ही. कुलकर्णी व टी. आर. सोनटक्के यांनी २००१ मध्ये ‘फझी हायपरस्फिअर’ तंत्रिका जाल मांडले. पॅट्रिक सिम्प्सन यांच्या १९९२ च्या जालात नमुन्यांचे वर्ग बहुमितीय पेट्यांनी व्यापले जात. येथे पेट्यांऐवजी गोल योजिले आहेत. गोलातील नमुना त्या वर्गाचा पूर्ण सदस्य ठरतो, तर गोलाबाहेर अंतर वाढेल तसे सदस्यत्व घटते. फिरविलेली हस्तलिखित अक्षरे ओळखण्यासाठीही या गटाने असे जाल रचले. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (स्थापना २००६) मात्र प्रत्यक्ष मेंदू हाच विषय आहे : कॉलिन्स असिसी यांनी कीटकांच्या गंधसंवेदनेची, तर सुहिता नाडकर्णी यांनी कोशिकांच्या जोडस्थानातील कॅल्शियमच्या हालचालींची प्रतिमाने अभ्यासिली आहेत.

मर्यादा : वरील दोन प्रकारांच्या कसोट्या भिन्न आहेत. अक्षर ओळखणारे जाल अचूकतेने पारखले जाते. ते मेंदूप्रमाणेच काम करते, असे त्यातून सिद्ध होत नाही. चूक मागे पोहोचविण्याची रीत मेंदूत त्याच स्वरूपात चालते, याला थेट पुरावा नाही. मेंदूच्या प्रतिमानाने मात्र प्रयोगात पडताळता येईल असे भाकीत केले पाहिजे. केवळ जोडण्यांचा नकाशाही पुरेसा नसतो. एका सूत्रकृमीच्या ३०२ कोशिकांच्या जोडण्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तरी त्यांवरून त्याच्या वर्तनाचे पूर्ण भाकीत करता आलेले नाही. कारण जोडण्यांचे बळ आणि कोशिकांभोवतीची रसायने सतत बदलत असतात.